जुन्या टर्बो गाडीची खरी परीक्षा

तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळवणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस ही वेगवान आवृत्ती २००४ साली भारतात आली, आणि तिच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाने टर्बोचार्जरच्या, म्हणजे धुरांड्याकडे जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चक्रांच्या, बळावर सुमारे १५० अश्वशक्ती दिली. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात आणि त्यांचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून अशा इंजिनाचे आयुष्य मुख्यतः तेलावरच ठरते. तेल जुने झाले की उष्णतेने त्याचा चिकट गाळ बनतो, तो तळाच्या भांड्यातील शोषनळीची जाळी बुजवतो, आणि दाब घटल्याचा लाल दिवा लागेपर्यंत टर्बोचे बेअरिंग बहुधा झिजलेले असते.

पोलाद कारखान्याच्या भिलाईत, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, उत्पादकाने सांगितलेले तेलबदलाचे अंतर पाळणे पुरेसे नाही, ते निम्म्यावर आणणेच शहाणपणाचे. धुळीमुळे हवेचा फिल्टरही लवकर बदलावा लागतो. भरधाव प्रवासानंतर इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवून मगच बंद करावे, अन्यथा तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो.

अशी गाडी विकत घेणाऱ्याने रंगापेक्षा तेलबदलाच्या पावत्या आधी पाहाव्यात, आणि त्या नसतील तर तेलाचे भांडे खोलून साफ करण्याचा व टायमिंग बेल्ट पाण्याच्या पंपासह बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.