गृहकर्ज : सल्ला कोणाचा घ्यावा?

पहिले घर घेताना पती-पत्नी पडद्यांचे कापडसुद्धा चार दुकाने फिरून ठरवतात. कर्जाच्या कागदांवर मात्र बिल्डरच्या ऑफिसात भेटलेल्या एजंटच्या भरवशावर सह्या करून मोकळे होतात. अशा एजंटला कमिशन बहुधा कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच मिळते, हे विसरू नये. ‘मुदत वाढवा, हप्ता कमी बसेल’ हा त्याचा सल्ला खोटा नसतो, पण अपुरा असतो.

हिशेबच पाहा ना! ३० लाखांच्या कर्जाचा ९ टक्के दराने २० वर्षांसाठीचा हप्ता सुमारे २७,००० रुपये, तर १५ वर्षांसाठीचा सुमारे ३०,४०० रुपये होतो. महिन्याला साधारण साडेतीन हजार जास्त भरले, की व्याजाचे सुमारे १० लाख वाचतात.

म्हणून दोन-तीन बँकांत स्वतः जाऊन चौकशी करावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या गृहकर्जासाठी व्याज आणि इतर शुल्क मिळून खरा वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे आणि घरी दोघांनी मिळून ताडून पाहावे. सही त्यानंतरच करावी. कारण एजंटचे काम एका दिवसात संपते, हप्ते मात्र आपल्यालाच भरायचे असतात.