पावसाळ्यातलं घर – भाग ४ : बाल्कनीच्या दाराचा उंबरठा

गेल्या आठवड्यात खिडक्या पाहिल्या, आता बाल्कनीचं दार. शिवाजी पार्कात समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पावसाला सरळ पडूच देत नाही; झड थेट दारावर येते.

दाराखालून पाणी आलं की माणूस आधी सिलिकॉनची नळी आणतो. पण उघड-मीट होणाऱ्या दाराची फट कायमची बुजवता येत नाही, आणि वारा तिथेच पाणी ढकलतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा दारावर आदळला की त्याच्या दाबानं पाणी सुमारे साडेसात मिलिमीटर वर चढू शकतं. ताशी ६० चा झोत आला तर जवळपास १७. म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला इंचभर उंच अडसर असेल, तर एरवीच्या झडीला बाहेरच थांबावं लागतं.

हा अडसर म्हणजे उंबरठा. इथल्या १९३०-४० च्या दशकांतल्या इमारतींची घरं नव्यानं सजवताना नेमका तोच बळी जातो. जुन्या लादीवर नवी टाइल बसते, बाल्कनीची जमीन वर येते, आणि ‘आत-बाहेर एकसारखं दिसू दे’ म्हणून उंबरठा काढला जातो. मग पहिल्याच मोठ्या पावसात हॉलमध्ये फडकी पसरावी लागतात. घरात वयस्कर माणूस असेल तर अडखळण्याची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. अशा वेळी उंबरठा ठेवून आतून उतरती पट्टी लावावी आणि कडेला ठळक रंग द्यावा.

उंबरठा दगडाचा घ्या. कडप्पा किंवा ग्रॅनाइट चालेल. आतली कड उंच, पुढे बाहेरच्या बाजूला उतार, आणि दोन्ही टोकं चौकटीच्या लाकडाखाली शिरलेली हवीत. गळती बहुतेक वेळा या कोपऱ्यांतूनच सुरू होते. दाराच्या खालच्या अंगाला बाहेरून लाकडाची तिरकी पट्टी ठोकावी आणि तिच्या पोटात लांबीभर खाच पाडावी. पाणी पृष्ठभागाला चिकटून मागे सरकतं. खाच आली की ते तिथेच थेंबाथेंबानं गळून पडतं. सुताराला ही खाच आवर्जून सांगा, नाहीतर नुसतीच सपाट पट्टी बसते. वर छज्जा असेल तर त्याच्या पोटातली खाच रंगाच्या थरांनी भरलेली नाही ना, तेही पाहा.

रबराची पट्टी याच्या नंतर. दाराच्या आतल्या बाजूनं, चारही कडांना सलग.

पाणी कुठून शिरतं हे मे महिन्यातच तपासा. बाहेरून नळीनं आधी उंबरठ्यावर पाणी सोडा, थोडं थांबा, मग हळूहळू वर जा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. जुलैत दार घट्ट झालं म्हणून लगेच रंधा मारू नका. सागवानसुद्धा दमटपणात फुगतं. डिसेंबरात सुकलं की तासलेल्या जागी फट राहते. कडेचा रंग किंवा पॉलिश उडालेलं असेल तर आधी ते उन्हाळ्यात करून घ्या. खालची कड सुतार हमखास कोरी सोडतात, त्यासाठी दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागलं तरी उतरवा.