हायड्रोजनची चर्चा आणि मोंढ्याचा हिशेब

चातुर्मास आटोपला की नांदेड, कळमनुरी, हिंगोली, वाशीम या मार्गावर साधू-साध्वींचा विहार दिसू लागतो. पुढे मालेगाव तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, अलीकडे औंढा तालुक्यात शिरड शहापूरचे मल्लिनाथ, अशी श्रद्धास्थाने याच परिसरात आहेत. पहाटेच्या गारठ्यात रस्त्याच्या कडेने अनवाणी पावले चालत असतात आणि त्यांच्या शेजारून १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने हळद, सोयाबीन, तूर आणि हरभरा घेऊन ट्रक धूर सोडीत जात असतात. त्या ट्रकांतील माल पुष्कळदा श्रावकांच्याच पेढ्यांचा असतो. शून्य उत्सर्जनाची वाहतूक म्हणजे काय, हे त्या पायी चालणाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मालाच्या धन्याला मात्र ते आता समजून घ्यावे लागणार आहे.

कारण गेली काही वर्षे देशात हायड्रोजनची चर्चा जोरात सुरू आहे. उद्याचे ट्रक हायड्रोजनवर धावतील आणि त्यांच्या नळीतून धुराऐवजी पाण्याची वाफ निघेल, असे सांगितले जाते. ही चर्चा हिंगोली-वसमतच्या मोंढ्यापर्यंत येते, तेव्हा तिचे रूप अगदी व्यावहारिक होते. जुना ट्रक काढून नवा घ्यायचा आहे. चार-पाच वर्षांचे कर्ज आहे. डिझेलचा घ्यावा, विजेचा घ्यावा, की हायड्रोजनची वाट पाहावी? घरातील मुलगा एक सांगतो, वडील दुसरे सांगतात. अशा वेळी उत्साह आणि शंका दोन्ही बाजूला ठेवून वही उघडणे बरे.

चर्चा कोठवर आली आहे

राष्ट्रीय हायड्रोजन अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून झाली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले व त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद मान्य केली.

वाहनांच्या बाबतीतही सुरुवात झाली आहे. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले, तेव्हा हा विषय घरोघरी पोचला. पुण्यातील केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी मिळून विकसित केलेली बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांसमोर आली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. त्यांत मिळून ३७ बस व ट्रक आणि ९ भरणा केंद्रे आहेत, आणि निवडलेल्या मार्गांत पुणे–मुंबई मार्गाचा समावेश आहे.

सगळ्या देशासाठी ३७ वाहने, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सध्या चालले आहे ते परीक्षण. बाजार अजून उघडलेला नाही.

हलका, पण जागा खाणारा माल

हायड्रोजनचा स्वभाव कापसाच्या व्यापाऱ्याला चटकन समजेल. कापूस वजनाला हलका. मोकळा भरला तर गाडी भरते, पण वजन भरत नाही. म्हणून त्याच्या दाबून गाठी बांधाव्या लागतात. हायड्रोजनचेही तसेच आहे. एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे एक किलो डिझेलच्या जवळजवळ तिप्पट. परंतु साध्या दाबाला तो एक किलो लहानशी खोली व्यापतो. म्हणून हवेच्या दाबाच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबाने तो टाकीत भरतात. ‘गाठी बांधण्याची’ ही क्रिया ऊर्जा खाते. शिवाय टाकी मजबूत आणि महाग लागते. हा वायू सहज पेट घेतो, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही आणि बारीक फटीतूनही तो निसटतो. म्हणून भरणा केंद्राची सुरक्षितता हा स्वतंत्र आणि खर्चिक भाग ठरतो.

हायड्रोजन पृथ्वीवर मोकळा फारसा सापडत नाही. तो पाण्यातून किंवा नैसर्गिक वायूतून वेगळा काढावा लागतो. पाण्यात वीज सोडून तो काढायचा तर किलोमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. पुढे वाहनातील इंधनघटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होऊन वीज तयार होते आणि पाणी बाहेर पडते. या टप्प्यावर जवळपास निम्मी ऊर्जा जाते. म्हणजे ५५ युनिट घातले आणि चाकाला सोळा-सतराच मिळाले. तीच वीज बॅटरीत भरली असती, तर चाळीसहून अधिक युनिट चाकाला मिळाले असते.

येथेच एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ आणि इंजिनाला जोडायचे पाण्याचे यंत्र, असे दावे अधूनमधून कानावर येतात. लाकूड जळाल्यावर राख उरते, तसे हायड्रोजन जळाल्यावर पाणी उरते. पाणी ही हायड्रोजनची राख होय. राखेवर चूल पेटत नाही. त्याचप्रमाणे, हायड्रोजन पंपाची एजन्सी देतो असे सांगून कोणी अनामत मागितली, तर शासकीय परवाना, कंपनीची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष चालू असलेले केंद्र पाहिल्याखेरीज एक रुपयाही पुढे करू नये.

कृत, कारित आणि अनुमोदित

या चर्चेतील खरा प्रश्न ‘शून्य’ कोठे मोजायचे हा आहे. जैन आचारधर्मात हिंसेचा विचार तीन प्रकारे होतो : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली. धुराचा हिशेबही याच तीन स्तंभांत मांडला पाहिजे. वाहनाच्या नळीतून निघतो तो कृत. वाहनासाठी लागणारी वीज वा इंधन तयार करताना दूर कोठेतरी निघतो तो कारित. आणि स्वतःचे वाहन नसले, तरी ज्याला आपण भाडे मोजून माल देतो त्याच्या वाहनाचा धूर अनुमोदित. ‘आमच्याकडे ट्रकच नाही’ असे म्हणणारा आडत्या या तिसऱ्या स्तंभातून सुटत नाही.

आता आकडे मांडू. हिंगोलीहून हैदराबाद सुमारे साडेतीनशे किलोमीटर. भरलेला मोठा ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असे धरले, तर एका खेपेला १०० लिटर डिझेल जळते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका खेपेचा २६८ किलो.

तोच ट्रक हायड्रोजनवर किलोमागे साधारण साडेअकरा किलोमीटर जाईल असे धरू. तेवढ्या अंतराला डिझेल लागते सव्वातीन लिटरच्या आसपास आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे पावणेनऊ किलो. हायड्रोजन जर नैसर्गिक वायूपासून काढलेला असेल, आणि आज वापरात असलेला बहुतेक तसाच असतो, तर एक किलो तयार करतानाच नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे नळीतून स्वच्छ वाफ निघत असली, तरी एकंदर हिशेबात डिझेलपेक्षा लाभ काही नाही. आणि कोळशाच्या विजेवर विसंबलेल्या सर्वसाधारण जाळ्यातून ५५ युनिट घेऊन तो काढला, तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो या दराने तब्बल ३८ किलोंच्या वर आकडा जातो. डिझेलच्या चौपटीहून अधिक!

याच कारणास्तव केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित’ या शब्दाची व्याख्या ठरवून दिली : किलोमागे २ किलोंहून अधिक उत्सर्जन होता कामा नये. सूर्य वा वारा यांच्या विजेवर तयार झालेला हायड्रोजन या कसोटीला उतरू शकतो. तेव्हा ‘हायड्रोजनचे वाहन’ एवढे ऐकून समाधान मानू नये. हायड्रोजन आला कोठून, हे विचारावे. विजेच्या वाहनालाही हाच प्रश्न लागू आहे. परळीच्या औष्णिक केंद्राच्या विजेवर टेम्पो चालविला, तर धूर मोंढ्यातून निघून चिमणीकडे गेला, इतकेच. अर्थात तेही अगदीच निरर्थक नव्हे. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे, आणि मोंढ्यात दिवसभर पोती वाहणारा हमाल तोच धूर श्वासात घेत असतो.

पैशाची बाजू

एक किलो हायड्रोजनला ५५ युनिट, युनिटला सहा रुपये धरले तर ३३० रुपये केवळ विजेचे. त्याच अंतराला लागणारे सव्वातीन लिटर डिझेल ९० रुपये दराने २९५ रुपयांच्या आत येते. सौरवीज तीन रुपयांना मिळाली, तर विजेचा खर्च १६५ रुपयांवर उतरतो. मात्र त्यावर यंत्रसामग्री, दाब देणे, वाहून नेणे आणि भरणा केंद्र यांचा खर्च चढतो.

राज्याच्या धोरणात पहिल्या २० भरणा केंद्रांना ३० टक्के, कमाल साडेचार कोटी रुपये, आणि पहिल्या ५०० इंधनघट प्रवासी वाहनांना ३० टक्के, कमाल ६० लाख रुपये भांडवली अनुदान ठेवले आहे. कमाल मर्यादा ६० लाख असेल, तर विचारात घेतलेली किंमत दोन कोटींपर्यंत जाते, हे कोणत्याही हिशेबनिसाच्या ध्यानात येईल. शिवाय हे अनुदान प्रवासी वाहनांना आहे, मालवाहू ट्रकांना नाही. तेव्हा आज कर्ज काढून हिंगोलीच्या पेढीने हायड्रोजनचा ट्रक घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भरणा केंद्रच नसेल, तर ट्रक दारात उभा राहील आणि हप्ता मात्र चालू राहील.

पाण्याची शंका

मराठवाड्यात पाण्याचे नाव निघताच मन दचकते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. आणि जैन दृष्टीने तर पाणी स्वतःच अपकाय जीवांचे शरीर. ते गाळून आणि मोजून वापरावयाचे. एक किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणे धरून दुप्पट-तिप्पट. देशाचे ५० लाख टनांचे पूर्ण उद्दिष्ट घेतले, तर किमान गरज साडेचार कोटी घनमीटर होते. येलदरी धरणाची एकूण क्षमता सुमारे ९३ कोटी घनमीटर आहे. म्हणजे ही गरज एका येलदरीच्या विसाव्या हिश्श्याइतकी आणि तिप्पट धरली तरी सातव्या हिश्श्याइतकी. देशाच्या मानाने हे फार नव्हे. पण हा सगळा भार टंचाईच्या एखाद्याच तालुक्यावर पडला तर फार आहे. कारखाना कोठे उभा राहतो, यावर याचा निवाडा अवलंबून राहील.

पेढीने काय करावे

एकाच उत्तराचा आग्रह धरणे अनेकान्ताच्या शिकवणीत बसत नाही, आणि येथे तर उत्तर अंतरावर अवलंबून आहे. वसमतहून नांदेड चाळीस किलोमीटरच्या आसपास. मोंढा ते गोदाम, गोदाम ते रेल्वेस्थानक त्याहून कमी. अशा फेऱ्यांना ‘छोटा हत्ती’सारखी विजेची वाहने २०२२ पासून बाजारात आहेत. दिवसाला साठ किलोमीटर चालणाऱ्या अशा वाहनाला बारा-तेरा युनिट पुरतात. गोदामाच्या पत्र्यावर तीन-चार किलोवॉटची सौर पॅनेल, म्हणजे सुमारे चारशे चौरस फूट जागा, तेवढी वीज देऊ शकतात. येथे कृत आणि कारित, दोन्ही स्तंभ शून्याजवळ येतात.

सांगली, हैदराबाद, मुंबई अशा लांबच्या खेपांना अवजड बॅटरी आणि चार्जिंगचा वेळ अडचणीचा ठरतो. हायड्रोजनची जागा पुढेमागे झाली तर तेथेच होईल. पुणे–मुंबई मार्गावरील चाचण्यांचे निष्कर्ष पाहून मग निर्णय घ्यावा. तोवर लांब मार्गासाठी डिझेल ट्रक घेणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र तो रिकामा परत येणार नाही, हे पाहावे. परतीचा माल मिळवून दिला तर एक खेप वाचते. जेथे जमेल तेथे रेल्वेने माल धाडावा. आणि क्षमतेहून अधिक भरू नये. मुक्या जनावरावर अतिभार लादणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे, आणि आज त्या जागी चालकाचा जीव, रस्ता आणि वाटसरू आहेत.

श्रावकाचाराच्या ग्रंथांनी पंधरा कर्मादानांत अंगारकर्माबरोबर शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्यांचा धंदा आणि भाड्याची वाहतूक, यांचीही गणना केली आहे. काळ बदलला आणि या व्यवसायाशिवाय व्यापार चालेनासा झाला. तरी त्यातील आरंभ-समारंभ नजरेआड करू नये, हा त्या गणनेचा हेतू जुना झालेला नाही. दिग्व्रतात तर प्रवासाच्या अंतरालाच मर्यादा घातली आहे. नवे इंधन येईल तेव्हा येईल. अनावश्यक खेप टाळण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्या न केलेल्या खेपेचे उत्सर्जन तिन्ही स्तंभांत शून्यच राहते.