नोंदवहीपासून संशोधनापर्यंत : बार्शीचे उदाहरण

संस्थेच्या हितचिंतकांकडून दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : यंदा देणगीतून कोणते यंत्र घेतले? जमाखर्चाच्या पानावर यंत्र ठळक दिसते. रुग्णनोंदणी विभागाचे वेतन, कपाटे, संगणक व दूरध्वनी यांचा खर्च मात्र ‘प्रशासकीय’ सदरात जातो आणि वाचकाच्या कपाळावर आठी उमटते. वाणिज्य शाखेच्या माणसाला ती आठी समजते. तथापि कर्करोगासारख्या क्षेत्रात अनेक संस्था एकत्र येऊन संशोधन कसे करू लागतात, हे पाहिल्यास या खर्चाचा अर्थ उलगडतो.

पनवेलकरांना या क्षेत्रातील मोठे नाव दूर शोधावे लागत नाही. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली परळहून आपल्या तालुक्यातील खारघर येथे आली व ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु संस्थांचे जाळे मुळापासून कसे विणले जाते, हे जाणण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे वळावे लागेल.

तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३पासून होती. मात्र शहरात रुग्णालयांतील कागद तपासले की बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे, तर त्याची नोंद कोठून होणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. नोंद घेता घेता गावांचा विश्वासही जमा होत गेला. ताळेबंदात ही ठेव कोठेच दिसत नाही.

स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे या नोंदींतून स्पष्ट झाले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला : निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांची वेळीच तपासणी केल्यास मृत्यू टळतील काय, आणि कोणत्या तपासणीने? त्याचे उत्तर काढणे एकट्या बार्शीच्या आवाक्याबाहेरचे होते. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सोबत आल्या. गेट्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य मिळाले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा ५२ ग्रामसमूहांतून अभ्यास झाला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने व सहकाऱ्यांचा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांत तीस हजारांवर स्त्रिया होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच तपासणीला प्राधान्य दिले.

तुलनेच्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. माझ्या मते ते आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. सहभागी संस्था वाढतात तशी रुग्णाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लेखी ठरलेले असावे.

टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली ‘राष्ट्रीय कर्करोग ग्रिड’ स्थापन झाले. आज त्यात देशभरातील ३००हून अधिक रुग्णालये व संस्था आहेत. समान उपचारसूत्रे आणि सामाईक संशोधन हा त्याचा गाभा. अशा जाळ्यात लहान रुग्णालयाकडे मागितले जाते ते मुख्यतः एकच : रुग्णाची पूर्ण नोंद, आणि उपचारानंतर त्याचे काय झाले याची माहिती.

आमची खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे. विमानतळासाठी गावे उठली, कुटुंबे करंजाडे, वडघर परिसरात नव्या घरी गेली. जुन्या पत्त्यावर पाठविलेले पत्र परत येते, दूरध्वनी क्रमांकही बदललेला असतो. तेव्हा रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती आहे की, पत्ता वा क्रमांक बदलल्यास नोंदणी विभागास कळवावे. रुग्ण पूर्ण बरा झाला असला, तरीही.