सॉल्टेड की अनसॉल्टेड? बटर निवडताना मिठाचा हिशेब महत्त्वाचा

रायपूर : शंकर नगरसारख्या शहरी वसाहतींतील दुकानांच्या शीतकपाटात आता पिवळ्या सॉल्टेड बटरसोबत अनसॉल्टेड बटरचीही पाकिटे दिसू लागली आहेत. घरोघरी केक, बिस्किटे भाजणाऱ्यांची संख्या वाढल्याचा हा परिणाम. मात्र पाककृतीत नुसते ‘बटर’ लिहिलेले असते तेव्हा कोणते घ्यावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. दोन्हींत फरक फक्त मिठाचा असला, तरी पदार्थाच्या चवीवर आणि आहारातील मिठावर त्याचा परिणाम होतो.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. पाण्याचे प्रमाण १६ टक्क्यांपर्यंत आणि मिठाचे ३ टक्क्यांपर्यंत चालते. बाजारातील सॉल्टेड बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. हे मीठ स्निग्धांशात विरघळत नाही. ते बटरमधील सूक्ष्म जलबिंदूंत उतरते. १६ ग्रॅम पाण्यात दोन-अडीच ग्रॅम मीठ म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक तीव्र द्रावण, समुद्राच्या पाण्याच्या सुमारे तिप्पट खारट. जंतूंची वाढ तेथेच मंदावते आणि सॉल्टेड बटर अधिक टिकते. अनसॉल्टेड बटरला हे संरक्षण नसल्याने ते थंड जागीच ठेवावे व उघडल्यावर लवकर संपवावे.

भारतीय जिभेला खारट बटरची सवय लागण्यामागे इतिहास आहे. अमूल बाजारात येण्यापूर्वी आणंद येथील पोल्सन कंपनीचे, आंबवलेल्या सायीचे आणि भरपूर मीठ घातलेले बटर लोकप्रिय होते. त्यापुढे ताज्या सायीचे अमूल बटर ग्राहकांना सपक लागले आणि चव बदलावी लागली, असे डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. मराठी घरांतील परंपरा मात्र बिनमिठाचीच. विरजलेली साय घुसळून काढलेले लोणी गार पाण्याने, पाणी नितळ होईपर्यंत धुतले जाते. ताकाचा अंश राहिला तर लोणी लवकर आंबते, म्हणून ही मेहनत. थालीपिठावरचा पांढरा गोळा म्हणजे एका अर्थाने अनसॉल्टेड बटरच.

भाजलेल्या पदार्थांत अनसॉल्टेड बटर सुचवले जाते ते मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहावे म्हणून. केकमध्ये १०० ग्रॅम बटर लागत असेल आणि ते सॉल्टेड असेल, तर जवळपास अर्धा चमचा मीठ आधीच पडलेले असते. अशा वेळी पाककृतीतील वेगळे मीठ वगळले की बहुतेक केक आणि कुकीज बिघडत नाहीत. बटरक्रीमचे आयसिंग मात्र याला अपवाद आहे. त्यात बटर आणि पिठीसाखर यांखेरीज फारसे काही नसते, त्यामुळे खारटपणा लपत नाही. पावभाजी, टोस्ट किंवा उकडलेल्या मक्याला सॉल्टेड बटरच रुचते. फक्त भाजीत मीठ शेवटी, चाखून घालावे. तूप कढवायचे असेल तर अनसॉल्टेड बटर किंवा घरचे लोणीच योग्य. सॉल्टेड बटर कढवल्यास मीठ तळाच्या बेरीत साठते आणि ती खाण्यालायक राहत नाही.

घरचे लोणी केकसाठी थेट वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. त्यात पाण्याचा अंश कमी-अधिक असतो, त्यामुळे कुकीज पसरू शकतात. शिवाय परदेशी पाककृतींतील ‘खोलीच्या तापमानाचे बटर’ ही सूचना रायपूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात शब्दशः पाळणे अशक्य आहे. साखरेसोबत फेटताना हवा धरून ठेवायला बटर मऊ, पण घट्ट हवे. १८ ते २० अंश सेल्सिअस त्याला मानवते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओट्यावर ठेवलेले बटर पाहता पाहता वितळते आणि वितळलेले बटर हवा धरत नाही. ते शीतकपाटातून काढून काही मिनिटांतच वापरणे बरे.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी हा प्रश्न केवळ चवीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. पोळी-ब्रेडवर रोज २० ग्रॅम सॉल्टेड बटर घेतल्यास त्या मर्यादेचा जवळपास दहावा हिस्सा तेथेच संपतो आणि लोणचे, पापड, फरसाण यांचा हिशेब अजून व्हायचा असतो. पाकिटावर अनेकदा मिठाऐवजी सोडियमचा आकडा छापलेला असतो; त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. अर्थात अनसॉल्टेड बटरमध्येही स्निग्धांश तेवढाच असतो, हे हृदयरोग्यांनी विसरू नये.

रंगावरून निवड करणे मात्र फसवे ठरते. म्हशीच्या दुधाचे लोणी मुळातच पांढरे, गाईचे कॅरोटिनमुळे पिवळसर. कारखान्यातील बटरला पिवळेपणा अनेकदा वनस्पतिजन्य रंगाने येतो. त्याचा मिठाशी संबंध नाही. बटरसारख्याच वेष्टनात मिळणारे ‘फॅट स्प्रेड’ वनस्पती तेलापासून बनलेले असू शकते, म्हणून किंमत कमी दिसताच पाकिटाची मागची बाजू वाचून घ्यावी.