दुर्गंधाचे उपकार

स्वयंपाकघर आणि गंधक यांचे नाते जुने आहे. फोडणीतील हिंग, चिरलेला कांदा, ठेचलेली लसूण यांचा उग्र दर्प त्यांतील गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यांमुळे येतो. भाजलेल्या कॉफीच्या दरवळातही एका वलयाकार गंधक-संयुगाचा मोठा वाटा असतो; मात्र ते अत्यल्प असेल तोवरच तो सुखावतो. याच कुळातील एक द्रव्य शेगडीच्या नळीतून आपल्या घरी रोज येत असते. त्याचे नाव एथिल मर्केप्टन.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइझे यांनी १८३४ साली या वर्गाची ओळख करून दिली. पाऱ्याशी ही द्रव्ये चटकन संयोग पावतात, म्हणून ‘पारा पकडणारे’ अशा अर्थाचे हे नाव त्यांनी योजिले. एथिल मर्केप्टन सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे बडोद्याच्या वैशाखात ते उघड्यावर द्रवरूपात टिकणेच कठीण! शुद्ध स्वरूपात ते अतिज्वालाग्राही असते आणि त्याच्या वाफेने डोके दुखते, मळमळते. म्हणून कारखान्यात ते बंदिस्त टाक्यांतून व नळ्यांतूनच हाताळतात. बेन्झिनचे वलय असलेले त्याचे भावंड थायोफिनॉल तर याहून अधिक विषारी असते.

असे द्रव्य अन्न शिजविण्याच्या वायूत का मिसळावे? कारण शुद्ध इंधनवायूला ओळखू येईल असा वास नसतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेच्या इमारतीखाली असाच निर्गंध नैसर्गिक वायू साचला होता. १८ मार्च १९३७ रोजी एका विद्युत यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर तेथे वायूला वास देण्याची कायद्याने सक्ती झाली.

आम्हां बडोदेकरांना हा विषय विशेष जवळचा आहे. शहराजवळ कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना चालू आहे. तेथे इंधनातील गंधक कसोशीने काढतात आणि घरगुती वायूत मात्र त्याचेच एक संयुग थेंबाथेंबाने परत घालतात. नळावाटे नैसर्गिक वायू घरोघरी पोचविण्याचे काम बडोद्याच्या महानगरपालिकेने १९७२ सालीच आरंभिले. २०१३ मध्ये त्यासाठी ‘वडोदरा गॅस लिमिटेड’ ही भागीदारीतील कंपनी स्थापन झाली. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरी सिलिंडर, तर दुसऱ्या घरी नळ, असे चित्र येथे नवे नाही.

वास दोहोंना येतो; स्वभाव मात्र परस्परविरुद्ध. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली व मोरीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. नळाचा वायू हवेहून बराच हलका. तो छताकडे चढतो आणि सुमारे पाच टक्क्यांना पेट घेऊ शकतो. या धोक्याच्या पातळीच्या एकपंचमांश वायू झाला की वास यावा, इतके मर्केप्टन मिसळलेले असते. सिलिंडर संपत आला की दर्प वाढतो, हे गृहिणींना ठाऊकच आहे. मर्केप्टन सावकाश उडते आणि तळाशी उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढत जाते.

परंतु ही सारी व्यवस्था नाकावर अवलंबून आहे. सतत वास घेत राहिल्यास नाक काही वेळाने बधिर होते. सर्दीत ते काम देत नाही आणि वयोमानानुसार घ्राणशक्ती मंदावते. ‘आता वास येत नाही, म्हणजे गळती थांबली’ असे मानणे म्हणूनच घातक ठरते.

वास येताच विजेचे कोणतेही बटण दाबू नये; चालू असलेला दिवा बंदही करू नये, पंखा लावू नये. देव्हाऱ्यातील समई व उदबत्ती विझवावी. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा नळाची मुख्य तोटी बंद करावी. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि दूरध्वनी बाहेरूनच करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या कंपनीचा तातडीचा क्रमांक दाराशी लिहून ठेवावा. एरवी सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडी ओढून कदापि नव्हे.

ज्या घरी वृद्ध माणसे एकटी राहतात, तेथे वायूची सूचना देणारे यंत्र बसविणे इष्ट. सिलिंडर असेल तर ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, नळ असेल तर छताजवळ बसवावे. सिलिंडर सोडून नळ घेतलेल्या घरांत ते यंत्र खालीच राहून जाते आणि गळती झाली तरी मुके राहते. नळाच्या वायूसाठी त्याच जातीचे यंत्र हवे, हेही पाहावे. आपल्या कित्येक घरांतील मुले आज पुण्या-मुंबईस वा परदेशी आहेत. दिवाळीला ती घरी येतील तेव्हा आईवडिलांच्या स्वयंपाकघरातील हे एवढे काम त्यांनी आवर्जून करून जावे.