घानातील सत्तापालट आणि व्यापाऱ्याचा हिशोब

आफ्रिकेत सरकार केव्हा उलटेल याचा नेम नाही, अशी धास्ती आपल्या व्यापारी बांधवांत सर्रास आढळते. घानातून सोने आणि कच्चा काजू भारतात येतो. तेव्हा निदान या देशापुरती तरी ही धास्ती तपासून पाहावी, असे आम्हास वाटते.

लष्करी बंडे तेथेही झाली. शेवटचे यशस्वी बंड १९८१ च्या अखेरचे. परंतु १९९६ पासून दर चार वर्षांनी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष व संसद यांची निवडणूक एकाच दिवशी होते आणि ७ जानेवारीला शपथविधी उरकतो. निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत फेरलढत. २००८ ची फेरलढत अवघ्या ४० हजार मतांनी लागली, तरी सत्ताधारी पक्षाने खुर्ची सोडली.

याचे एक कारण अगदी साधे आहे. मतमोजणी मतदान केंद्रावरच होते. निकालाच्या गुलाबी कागदावर उमेदवारांचे प्रतिनिधी सही करतात व आपली प्रत घेऊन जातात. रोजमेळाची नक्कल प्रत्येक भागीदाराच्या हाती असावी, तसाच हा प्रकार! २०१२ च्या निकालाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हेच कागद तपासले गेले. याचिका २०१३ मध्ये फेटाळली गेली. २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे उमेदवार, उपराष्ट्राध्यक्ष महमूदू बावुमिया (हे मुस्लिम आहेत) यांनी तर अधिकृत घोषणेपूर्वीच पराभव मान्य करून जॉन महामा यांचे अभिनंदन केले.

मात्र केवळ राष्ट्राध्यक्षावर नजर ठेवणारा व्यापारी फसेल. संसदेच्या कायद्याशिवाय तेथे कोणताही कर बसत नाही. २०२० मध्ये २७५ पैकी १३७-१३७ जागा दोन्ही पक्षांना आणि एक अपक्षाला मिळाली. त्यानंतर सरकारने मोबाईलवरून पैसे पाठविण्यावर कर आणू पाहिला. डिसेंबर २०२१ मध्ये यावरून सभागृहात चक्क हाणामारी झाली. अखेर मे २०२२ मध्ये दीड टक्क्याने कर लागू झाला, पुढे एक टक्क्यावर आला आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्दच केला. या मधल्या काळात ज्यांनी अडत्यांना मोबाईलवरून रकमा पोचत्या केल्या, त्यांच्या खर्चाचे गणित प्रत्येक वेळी बदलले.

पुढील निवडणूक २०२८ च्या अखेरीस आहे. त्यापलीकडे जाणारा करार करताना, नवा कर लागल्यास तो कोणाच्या माथी, हे कलम आजच लिहून घ्यावे.